नऊशेचा की चौदाशेचा

१२ एप्रिल १९८८, धुळे

कूलर आला. कूलर कसला — पिठाची गिरणी! पत्र्याचा खोका, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा. जीवराम मिस्त्रीनं तो वहिनींच्या खिडकीत बसवला, बटण दाबलं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. "हवा पाहा अक्का, हवा!" हवा पाहिली. आवाजाचं काय?

हौस म्हणून आणलेला नाही. भागावहिनींना फेब्रुवारीत झटका आला. उजवी बाजू गेली, आवाज धाग्याएवढा उरला. वर पत्र्याचं छत. डॉक्टरांनी बजावलं — यंदाचा उन्हाळा यांना सोसणार नाही, खोली गार ठेवा. माझा भाऊ नाना गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्याची बायको माझ्या गळ्यात पडली की मी तिच्या, हे अजून ठरायचं आहे.

पंखा चालू असला की त्यांची हाक मला ऐकू येत नाही. बंद केला की त्या भाजून निघतात. आता काय करायचं ते मीच करायचं!

१३ एप्रिल

दुपारभर डोकं ठणकलं. वहिनींनी पाणी मागितलं ते मला कळलंच नाही. खोलीत गेले तेव्हा ओठांना चिरा. "ताई, कितली बोलावू?" म्हणाल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. रडल्या नाहीत.

१४ एप्रिल

जीवरामच्या दुकानात जाऊन भांडून आले. आग्रा रोडवर, भर उन्हात, छत्री घेऊन.

म्हणे, "अक्का, हा चौदाशेचा पंखा आहे. मिनिटाला चौदाशे फेरे. हवा पाहिजे तर आवाज होईनच ना!"

कमी फेऱ्यांचा नाही का?

"नऊशेचा आहे. पण त्याची हवा म्हंजे कुणी चहावर फुंकर मारल्यासारखी."

मी म्हटलं, मला आवाज शिकवू नकोस. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले आहे. अमळनेरच्या तेल गिरणीचे मुनीम नुसते खोकले तरी मी ओळखायची.

"मंग खराबी पंख्यात नाही, अक्का. तुमच्या कानाला रेग्युलेटर बसवू का?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, रागानं बोलायचं असेल तर आधी वाक्य मनात पूर्ण रचा, मग तोंड उघडा. रचलं. उघडलं. जीवराम उद्या नऊशेचा पंखा घेऊन येतो आहे.

१५ एप्रिल

नऊशेचा बसला. बारीकशी घरघर उरली आहे, पण वहिनींची "ताई" दारापर्यंत ऐकू आली. जिंकले!

१७ एप्रिल

हरले. काल चव्वेचाळीस होतं. नऊशेचा पंखा फिरत होता, जाळ्या थबथबत होत्या, आणि हवा खाटेपर्यंत पोचत नव्हती. वाटेतच दम लागत होता तिला! संध्याकाळी वहिनींचं अंग तव्यासारखं तापलेलं, जीभ कोरडी ठण्ण. मी विचारत होते, उकडतंय का? त्या सारख्या एकच — "माले काही व्हत नही." खोटं! तीस वर्षं धुळ्यात राहून भाषा माहेरची, सोनगीरची, आणि खोटं बोलायची रीतही तिथलीच — समोरच्याला त्रास नको म्हणून.

डॉक्टर आले, सलाईन लावलं. जाताना चपला घालता घालता मला म्हणाले, "बाई, तुम्हाला शांतता हवी आहे की पेशंट?" मला! मला वाक्य रचायलाही वेळ मिळाला नाही.

१८ एप्रिल

कूलर रात्रंदिवस चालू ठेवायचा, बंद करायचाच नाही. डॉक्टरांचा हुकूम.

२० एप्रिल

चौदाशेचा परत आला, पण या वेळी मी जीवरामला खुर्चीवर बसूच दिलं नाही. तीन पात्यांऐवजी पाच पाती. मोटरखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. खोका खिडकीच्या लाकडाला टेकू द्यायचा नाही. हे सगळं मी सुचवलं. तो नुसता "हो अक्का, हो अक्का". शेवटी स्क्रू आवळत म्हणतो, "तुम्ही लग्न नाही केलं ते एका मानसावर उपकार झाले." हरामखोर. पण हात कसबी आहेत.

हवा थेट खाटेवर येते. वहिनींच्या कपाळावरचे केस उडाले. डोळे मिटून पडल्या होत्या, तोंडावर हसू. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

घरघर आहेच. कुंदाबाई शेजारून बघायला आल्या. "मला तर काहीच जाणवत नाही हो!" कुंदाबाईंना स्वतःशिवाय कुणाचाच आवाज जाणवत नाही.

२१ एप्रिल

कुंदाबाईंनी देवघरातली घंटी आणून दिली. वाजवली की मला कळेल. वहिनींच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती माझ्याकडे पाहत पाहत जमिनीवर टाकली.

"मी काय गाय शे?"

मला हसू आलं, आणि रागही. मग कशी बोलावणार मला?

"तोंड शे ना."

२४ एप्रिल

जीवरामनं तेल घातलं. काही फरक नाही. रेग्युलेटर बसवला (कूलरला!). दोनवर ठेवला तर हवा मरते, आवाज आहे तसाच. हे कुठलं शास्त्र? हवा कमी, आवाज तेवढाच! "असं होत नसतं, अक्का," म्हणतो. माझ्यासमोर होतंय आणि होत नसतं! पुन्हा पाचवर ठेवला.

२६ एप्रिल

स्वयंपाकघरात घरघर. ओट्यावर घरघर. मोरीत घरघर.

२९ एप्रिल

आज फार वाईट झालं. दुपारी खोलीत गेले तर वहिनींचं अंथरूण ओलं. साडीही. किती वेळ तशा पडल्या होत्या देव जाणे — त्या गार वाऱ्यात! सगळं बदललं, अंग पुसलं, आणि पुसताना बोलले. नको ते बोलले. घंटी नको, भांडं वाजवायला नको, आणि तोंड आहे म्हणता तर ते उघडायला काय झालं होतं? मी काय अंतर्ज्ञानी आहे?

वहिनी काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, पुटपुटू नका. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

चादर दोनदा धुतली. ज्या बाईनं सासरच्या चौदा माणसांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिच्याशी मी असं बोलले. माफी मागायला हवी. मागितली नाही.

३० एप्रिल

वहिनी बोलत नाहीत. बरं.

२ मे

पेन्शन आणायला बँकेत गेले. तासभर रांग. कुंदाबाईंना वहिनींजवळ बसवून गेले होते. बँकेतही डोक्यात तोच पंखा! कान अशी छळणूक विसरत नाही. जीवरामला वाटेत गाठून सांगितलं, तुझा पंखा माझ्यामागं बँकेपर्यंत आला. तो कधी नव्हे ते हसला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला.

घरी आले. कुंदाबाई म्हणाल्या, "गुणी आहेत हो. दोनदाच हाक मारली, लगेच उठले मी." कुंदाबाईंसाठी हाक आहे! माझ्यासाठी मौनव्रत! चार दिवसांत मला एक हाक नाही. रुसवा धरावा तर असा.

३ मे

मीच दर अर्ध्या तासाला जाऊन विचारते — पाणी? भांडं? त्या मान हलवतात. तोंड उघडत नाहीत. हट्टी बाई. मीही हट्टी. उद्या दुपारी पेपर घेऊन त्यांच्याच खोलीत बसणार आहे. बघू किती दिवस बोलत नाहीत.

४ मे

सव्वादोनला लाइट गेली. आमची गल्ली हॉस्पिटलच्या लाइनवर, दुपारची कधी जात नाही. आज गेली. वहिनींच्या खाटेशी पेपर वाचत बसले होते. पंखा हळू झाला, थांबला. पाचही पाती मोजता आली. जाळ्यांवरून गळणारं पाणी थांबलं.

घरघर थांबली नाही.

दोन्ही कान हातांनी दाबले. आणखी वाढली.

मान वर केली. हातभर अंतरावर वहिनी. माझ्याकडे बघत होत्या. ओठ हलत होते — ता-ई. ता-ई. ता-ई.