टायरातलं पाणी आणि बंद पडलेलं न्हाणीघर

आदरणीय तिसरे मामा,

तुमचा भाचा शानछिंग याचा दुरून, म्हणजे फारच दुरून, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आणि बदकं यंदा तरी आपल्याच तळ्याकाठी अंडी घालतायत, की अजून शेजाऱ्याचीच भर? मी मजेत आहे. म्हणजे पोटाला मिळतंय (दोन्ही वेळा आंबवलेला कोबी), पण उत्तरेकडच्या या मोठ्या शेतावरची दोनशे माणसं सध्या माझ्याशी बोलत नाहीत. का, ते सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता?

इथल्या ट्रॅक्टरांच्या मुख्य छी मावशी. (नात्याने कुणाच्याच नाहीत, पण सगळे मावशीच म्हणतात, आणि लांबूनच म्हणतात.) वसंतात मोठ्या ट्रॅक्टरवर एकच नवा माणूस बसणार, आणि त्याचं नाव मावशी देणार. त्या एका सीटसाठी मी दोन हिवाळे ग्रीस खात काढलेत, हे तुम्हाला माहीत आहे. तर शरदातली नांगरट ऐन भरात असताना मावशी मुलीच्या लग्नाला चार दिवस गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "रोज सकाळी चाकं थंड असताना हवा बघायची. मागच्या टायरात एक किलो दाब, वर नाही. बाकी कशाला हात लावलास, तर तो हात काढून माझ्या टेबलावर ठेवायचा."

आता तुम्हीच सांगा मामा, माझ्या डोक्यापर्यंत येणारा टायर आणि त्यात एक किलो? माझ्या सायकलला याहून जास्त हवा लागते. खाली टेकतो तिथे टायर पोट सुटल्यासारखा पसरलेला, बघवत नव्हतं. मला वाटलं, बाईला काटा दिसत नसणार. मी अडीच भरली. लाथ मारून पाहिली, ठणठणीत. (लाथ मारून टायर तपासायचा, हे तुम्हीच शिकवलंत.) आणि नांगर जमिनीत गेल्याबरोबर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ट्रॅक्टर चालवणारे गुआनदादा शिव्या देत खाली उतरले. टायर फुगून कडक झाल्यामुळे जमिनीला नुसता मधलाच पट्टा टेकत होता, हे मला आज कळतंय. तेव्हा मी काय केलं, तर तुम्हाला फोन.

तुम्ही म्हणालात, टायरात पाऊण हिस्सा पाणी भर, वजनाने चाक माती धरतं, मी भातखाचरात तीस वर्षं हेच करतोय. मी भरलं, कुणाला न सांगता. आणि खरं सांगतो, ट्रॅक्टर रेड्यासारखा चालला. मावशींनी परत आल्यावर नांगरट पाहिली आणि "ठीक आहे" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे छातीवर पदक. मी मनातल्या मनात त्या सीटवर बसूनही घेतलं.

मग एका सकाळी पारा उणे अठरावर. ट्रॅक्टर सुरू झाला, पण निघाला तो लंगड्या उंटासारखा, ढप, ढप, ढप. मी हवा बघायला गेलो, काटा शून्यावर. पंप लावला, हवा आत जाईना. गुआनदादा म्हणाले गिअरबॉक्स गेली. त्या बर्फात पाठीवर झोपून त्यांनी दीड दिवस गिअरबॉक्स उघडली, पुसली, बंद केली, आणि मी त्यांना नट खोलायचे पाने देत उभा. (पाणी माझ्या डोक्यात येत होतं, पण जिभेवर येत नव्हतं.) शेवटी त्यांनी वैतागून टायरलाच लाथ घातली आणि बोट धरून खाली बसले. "मावशी, या टायरात दगड भरलाय कुणीतरी."

मावशींनी टायरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "पाणी?"

"पाणी," मी म्हणालो.

"साधं?"

आता पाणी साधं नसतं का मामा? इथे त्यात मिठासारखी एक पावडर कालवतात म्हणे, म्हणजे गोठत नाही. मला कुणी सांगितलं होतं? बर्फाचे गोळे पोटात घेऊन ती चाकं आम्ही आठ जणांनी ढकलत एकमेव उबदार जागी नेली, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात. वितळायला चार दिवस लागले. एरवी आठवड्यातून एकदा तिथे जाऊन पाठ घासून घेणारी दोनशे माणसं चार दिवस बिनआंघोळीची, आणि आत हौदाच्या कडेला माझे दोन टायर आरामात गरम होतायत. जेवणाच्या रांगेत एक आजोबा मला म्हणाले, "बाळा, टायरांची पाठ घासून झाली असेल तर आमचा नंबर लाव."

सगळ्यांना माझा नमस्कार.

तुमचा,
शानछिंग

ता.क. हल्ली मी रोज सकाळी चाकं हलायच्या आत हवा मोजतो आणि आकडा खडूने मडगार्डवर लिहितो. एक किलो. मावशी येऊन पुन्हा मोजतात.

ता.क. २. खरं काम असं की, मी मावशींना सांगितलंय, सल्ला तुमचा होता. त्या म्हणाल्या, "लिहून आण, मग सीटचं बघू." तर लगेच एक चिठ्ठी पाठवा, की पाणी भरायला तुम्हीच सांगितलं, पोरगा मोठ्यांचं ऐकणारा आहे. सही ठसठशीत करा.

ता.क. ३. त्या दिवशी फोनवर तुम्ही "पण तिकडच्या थंडीत..." असं काहीतरी म्हणत होता, आणि मी "हो हो, कळतं मला" म्हणून फोन ठेवला. ते वाक्य पुढे काय होतं, हे नुसतं माझ्या माहितीसाठी कळवा. वेगळ्या कागदावर.