टायरॉड बदलले, आई

आई, तुझी गाडी मी भंगारात जाऊ दिली नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तू चिडशील आणि मग नेहमीसारखं अर्धंच ऐकशील. तुला जाऊन सात वर्षं झाली. ही सात वर्षं गाडी गावाला, चांदीपला, मामाच्या अंगणात उभी होती. उभी कसली, मामाने ती बैलासारखी राबवली. भाताची पोती, खताच्या गोणी, एकदा तर मागच्या सीटवर बोकड. छतावरचा तुझा लेडीज ड्रायव्हिंग क्लासचा बोर्ड काढून त्याने कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलाय, आत पाणी गळू नये म्हणून. बोर्डाबद्दल माझं काही म्हणणंच नाही. गाडीबद्दल आहे.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. पासिंग संपत आलंय, भंगारवाला रविवारी येतोय, आठवण म्हणून काही पाहिजे असेल तर काढून ने, म्हणाला. जशी काय मी आरसा काढून पिशवीत घालणार होते. मी म्हटलं, पूर्ण गाडीच नेते. मामा हसला. "कोन चालवनार ती? तू?" त्या हसण्यात तुझं वाक्य होतं, आई. मामाला ते पाठ आहे. आपल्या अख्ख्या खानदानाला पाठ आहे. पोळी वाकडी झाली, कॅलेंडर तिरकं लागलं, की कोणीतरी ते म्हणतंच, आणि बाकीचे हसतात, आणि मीपण हसते. हसायचे.

त्या दिवशी मी एकोणीस वर्षांची आहे. टेस्टचं मैदान, ऊन, आणि रिव्हर्स घ्यायला रोवलेल्या काठ्या. तुझ्याच गाडीत मी बसलेय. समोर स्टेअरिंगच्या वरच्या कडेला, बरोबर मध्यभागी, तू चिकटवलेला लाल टेपचा तुकडा. टेप वर असली की चाकं सरळ, हा तुझ्या क्लासचा पहिला धडा. मग ती नर्स असो, शाळेतली बाई असो, नाहीतर रविवारची मिस्सा सुटल्यावर थेट चर्चमधून आलेली एखादी काकू. गोंधळलात तर टेप बघा, तू सगळ्यांना सांगायचीस. मी टेप बघतेय. टेप वर आहे. आणि गाडी हळूहळू, अगदी शांतपणे, डावीकडे सरकत जाऊन काठीला लागते. काठी पडते. आरटीओचा साहेब कागदावर काहीतरी लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो.

टेस्टहून आपण परत आलो. घरी, विरारच्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात, तू बोंबील साफ करत होतीस. तुझ्या क्लासच्या दोन नर्स चहाला आल्या होत्या, त्यांनी विचारलं काय झालं टेस्टचं. तू मान वर न करता म्हणालीस, "हिचा हातच सरळ नाय. काहींचा नसतो." रागाने म्हणाली असतीस तर मी भांडले असते, आपण दोघी भांडण्यात पटाईत होतो. पण तू ते रक्तगट सांगितल्यासारखं सांगितलंस. एक नर्स मला सावरायला म्हणाली, घरच्यांना शिकवता येत नाही हो, माझ्या नवऱ्याने मला शिकवलं तर घटस्फोट झाला असता. त्यावर तू हसलीस आणि म्हणालीस, घरच्यांना काय, मी आंधळीलापन शिकवीन, हिचं वेगळं आहे. मी चहाचे कप धुतले. त्यानंतर तू जिवंत असेपर्यंत मी त्या सीटवर बसले नाही.

लायसन्स काढलं गेल्या वर्षी. दुसऱ्या क्लासमधून, पहिल्याच टेस्टला. पण ती नवी गाडी होती, पॉवर स्टेअरिंगची, एका बोटाने वळणारी. तू म्हणाली असतीस, त्यात काय, ती तर पोरंसुद्धा चालवतात. म्हणून मला हीच गाडी पाहिजे होती. ज्या गाडीत तू तो निकाल दिलास, त्याच गाडीत मला तो खोटा पाडायचा होता. दुसऱ्या गाडीत पाडून उपयोग नव्हता.

भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी आम्ही ती नालासोपाऱ्याला, तुझ्या त्याच मिस्त्रीकडे नेली. मामा चालवत होता. सरळ रस्त्यावरसुद्धा त्याचे हात सुपात तांदूळ पाखडल्यासारखे इकडून तिकडे चालले होते, आणि खड्डा आला की पुढून खटखट, जसं कोणी बोनेटखाली बसून कडी वाजवतंय. मी विचारलं, हे कधीपासून. मामा म्हणाला, गाडी जुनी झाली की तिला समजून घ्यावं लागतं. मी म्हटलं, मी नाही घेणार समजून. तो पाखडत राहिला.

मिस्त्रीने पुढची बाजू जॅकवर उचलली आणि मला म्हणाला, ताई, टायर दोन्ही बाजूंनी पकडा आणि हलवा. मी हलवलं. खट्. परत हलवलं, परत खट्. स्टेअरिंग जागचं हललं नव्हतं आणि टायर माझ्या हातात हलत होता, पडायला आलेल्या दातासारखा. त्याने खाली वाकून टॉर्च मारला. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी दांडी, तिच्या टोकाचा सांधा पार सैल झालेला. टायरॉड एन्ड म्हणतात त्याला, तुला माहीत आहे. खालच्या आर्मचं रबरी बुश फाटून लोंबत होतं. टायर आतल्या बाजूने पाटीसारखा गुळगुळीत झाला होता. "एवढा प्ले, ढिलेपणा असला ना," मिस्त्री म्हणाला, "की स्टेअरिंग सरळ म्हणजे चाक सरळ, असं काही राहत नाही." आई, हे वाक्य मी त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही.

मामा म्हणाला, घट्ट करून दे नि सोड. मिस्त्री म्हणाला, भंगारातले चांगले सापडतील, बघू का. मी म्हटलं, नवे. दोन्ही बाजूंचे. बुश, टायरॉड, जे जे हलतंय ते सगळं. मामाने मिस्त्रीकडे बघून डोळा मारला. "म्हातारीला कवळी लावते बघ." मी म्हटलं, हो, वरची पन आणि खालची पन, आणि तो खरंच हसला.

ते दोघं पार्ट आणायला गेले तेव्हा मी तुझ्या सीटवर बसून होते. ती टेप अजून होती. लाल रंग उडून गुलाबी झालेली, कडा मळलेल्या. मी नखाने उगाच खरवडत बसले. आणि तिच्या शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर, जुन्या गोंदाचा चिकट डाग हाताला लागला. त्याच्या शेजारी आणखी एक. सारख्याच रुंदीचे, सारखेच चौकोनी. मामा टेप लावणाऱ्यातला नाही. मामाला टेप म्हणजे काय हेही ठाऊक नसेल.

तू टेप सरकवत होतीस. पार्ट झिजला, गाडी एका अंगाला जायला लागली, आणि तू पार्ट नाही बदललास, टेप बदललीस. परत झिजला, परत सरकवलीस. सरळ कुठे आहे हे तू ठरवत होतीस, आणि ज्या बाईची गाडी डावीकडे जायची तिला सांगत होतीस, हात सरळ ठेवा. तुझं म्हणणं मला माहीत आहे. गाडी दोन दिवस गॅरेजला म्हणजे दोन दिवस क्लास बंद, आणि त्यातल्या काहीजणी घरी भाजीला जाते सांगून यायच्या, एक तास चुकला तर त्या परत येणार नव्हत्या. त्यातल्या कितीतरी आज रुबाबात गाड्या चालवतात, तुझ्यामुळे. ते सगळं खरं. तरी नाही. ते सगळं खरं असून तुझं चुकलंच. गाडीचा दोष माणसाच्या हातावर ढकलायचा नसतो. निदान बोंबील साफ करता करता, दोन परक्या बायकांसमोर तरी नसतो ढकलायचा. ते परत आल्यावर मी मिस्त्रीकडून पेट्रोलचा बोळा घेतला आणि टेप, डाग, सगळं पुसून काढलं. घासून घासून स्टेअरिंगचा तेवढा भाग आता वेगळाच चमकतो.

नवे पार्ट बसले, अलाइनमेंट झाली, आणि दुपारी मी गाडी चांदीपला नेली. मी. मामा शेजारी, खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. शिरसाड सोडलं, दोन्हीकडे शेतं लागली, पुढे मागे कोणी नव्हतं, आणि मी दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. एक, दोन, तीन, चार. गाडी रुळावर ठेवल्यासारखी सरळ गेली. मामा म्हणाला, "हात धर गं बाय, माझी भात लावनी बाकी आहे." मी धरले. त्याने हँडल सोडलं. मग म्हणाला, "तुझ्या आईने हे नवे पार्ट तेव्हाच टाकले असते, तर तू तेव्हाच पास झाली असतीस." आपल्या घरातल्या कोणाच्यातरी तोंडून ते वाक्य मागे घेतलं गेलं, आई. मी म्हटलं, हो. मोठ्याने म्हटलं. त्याने भंगारवाल्याला तिथल्या तिथे फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना फोन करून मी हात सोडून गाडी चालवते म्हणून माझी तक्रारही केली.

हे मी लॅपटॉपवर लिहितेय. प्रिंट काढणार नाही, मामाला दाखवणार नाही, आणि तुला पाठवायला तर पत्ताच नाही. म्हणून एवढं एक लिहून टाकते. मला टेस्टला दहा वर्षं झाली. त्यानंतरही तू तीन वर्षं क्लास चालवलास, आणि मग मामाने शेतातून गाडी हाणली. ते डाग माझ्या टेस्टच्या आधीचे की नंतरचे, हे स्टेअरिंग सांगू शकत नाही. मिस्त्री सांगू शकतो. गाडी पहिल्यापासून त्याच्याकडेच यायची. अलाइनमेंटच्या दिवशी हात पुसता पुसता तो स्वतःहूनच बोलायला लागला होता, मॅडमनी ही पहिल्यांदा प्लेसाठी आणली ना, ते साल मला पक्कं आठवतं, कारण… मी त्याला तिथेच तोडलं. म्हटलं, ब्रेक लाइट लागत नाहीये, जरा बघता का. तो मागे गेला, लाइट तर लागत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बिल लिहायला घेतलं. वसईला कामावर जाताना त्याचं गॅरेज मला रोज रस्त्यात लागतं. तो हात करतो, मी पण करते. थांबत नाही.