समुद्रकिनाऱ्यावरचा अभ्यास दौरा

काळेवाडी,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. नवनाथराव यांस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. वर्षालीच्या आईचे गुडघे थंडीत धरले होते, आता ती जिना चढू लागली आहे. वर्षाली मोठी बॅग न्यायला म्हणून आली ती अजून इथेच आहे. तिची काळजी नसावी. फोन केला तर तुम्ही "मामा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून शेवटी कागद घेतला. कागद मध्येच ठेवून देता येतो, पण तो तिथेच पडून राहतो.

तुमचा मेसेज वाचला. "मामा, तुमचं वाचन दांडगं. थायलंडात कुठं राहावं, काय बघावं, जरा लिहून द्या." जावयाने सासऱ्याला काही मागावं आणि सासऱ्याने नाही म्हणावं, असं आपल्याकडे होत नाही. लिहून देतो.

बँकॉकला राहायचं तर नदीकाठच्या जुन्या शहरात राहा. तिथे छोटी गेस्टहाउसं असतात, सकाळी दारातून भिक्षू जाताना दिसतात आणि नदीवर लोकांच्या रोजच्या बोटी चालतात, आपल्या पीएमटी बससारख्या. त्यात बसा. झोपलेल्या बुद्धाचं देऊळ बघा. नुसते तळपाय शिंपल्यांच्या नक्षीने मढवलेले आहेत. गुडघे झाकणारे कपडे घाला. मग एक दिवस अयुथ्थयाला जा. ती जुनी राजधानी. शत्रूने जाळली, मूर्तींची डोकी उडवली. त्यातलं एक डोकं झाडाच्या मुळांनी धरून ठेवलं आहे. तिथे फोटो काढायचा तर खाली बसून काढावा लागतो, त्या मस्तकापेक्षा आपलं डोकं वर ठेवायचं नाही. मला हे फार आवडतं. पुस्तकांत वाचलं आहे, पाहिलेलं नाही.

पण तुम्ही तिथे राहणार नाही. कंपनीने छापलेला कार्यक्रम वर्षालीने दाखवला. मुक्काम पटायाला, समुद्रासमोर. रायोंगकडचा कंपनीचा कारखाना बघायला एक सकाळ, आणि उरलेले सगळे दिवस समुद्र. वर मथळा काय, तर 'कामगार प्रतिनिधींचा अभ्यास दौरा (सपत्नीक)'!

सपत्नीक! नवनाथराव, मी युनियनच्या कामात पिंपरीपासून चाकणपर्यंत इतक्या गेटांवर बोललो, मालकांच्या इतक्या तऱ्हा पाहिल्या, पण अभ्यासाला बायका लागतात हे पहिल्यांदा ऐकलं. मी सांगतो बायका कशाला लागतात. नवरा रात्री घरी आला की "आज काय झालं?" असं विचारणारं एकच तोंड असतं. ते तोंडही गोड करून टाकायचं. हे ज्याने ठरवलं तो एचआरमधला साहेब हुशार आहे. तो माणसांना ओळखतो. तुम्हाला तर त्याने नीटच ओळखलेलं दिसतं.

आता तारखांकडे या. करारावर सही महिनाअखेर. त्याआधी येत्या बुधवारी युनियनची सगळी कमिटी विमानात. आणि त्याच बुधवारी हंगामी पोरांना ब्रेक! सात महिने राबवायचं, थोडे दिवस घरी बसवायचं, पुन्हा नवीन म्हणून घ्यायचं, म्हणजे कायम होण्याचा हक्क कधी उभाच राहत नाही. ही चाल जुनी आहे. यंदा तिला जोड दिली आहे. करारात कलम घातलं आहे: सहीच्या दिवशी हजेरीपटावर जे हंगामी असतील, त्यांचाच कायम करण्यासाठी विचार होईल. सहीच्या दिवशी पटावर कोण असणार? कोणीच नाही. पोरं गावाकडे. आणि ब्रेकच्या दिवशी गेटवर भांडायला कोण असणार? तेही नाही. कमिटी पटायाच्या वाळूत.

तुमच्या ध्यानात हे आलं नसेल म्हणून उलगडून सांगितलं. पंचवीस वाटाघाटींच्या धावपळीत माणसाच्या नजरेतून एखादं कलम सुटतं. कंपनीने तुम्हाला फसवलं असेल.

नाही. हा कागद फाडून पुन्हा लिहायला हवा, पण मी फाडणार नाही. वरचा सगळा मजकूर मी तुम्हाला काही माहीत नाही असं धरून लिहिला. मला ते धरून ठेवायचं होतं. मुलगी दिलेल्या घराबद्दल बाप असंच धरून चालतो. आता पुरे.

शुक्रवारी संध्याकाळी भिवा आला होता. तुमच्या वेल्डिंग लाइनवरचा हंगामी, चाकणला खोली करून राहतो, दोन मुलांचा बाप. माझं गेटवरचं भाषण कधीतरी ऐकलं होतं म्हणून पत्ता शोधत आला. वर्षाली चहा घेऊन बाहेर आली. ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

"दादा, आमालाबी तिकीट मिळालंय की," तो हसत म्हणाला.

"कुठलं रे?"

"तुळजापूर गाडीचं! कमिटी चालली थायलंडला, आमी चाललो गावाकडं. फरक इतकाच, कमिटीचं येण्याचंबी तिकीट काढलंय."

मी म्हटलं, "अरे, मग कमिटीला जाऊन सांगा. नवनाथरावांना सांगा."

"त्यांना काय सांगायचं? त्यांनीच बोलावून सांगितलं. म्हणले, भिवा, गपचीप गावाकडं जाऊन ये, पोरांनाबी समजाव, आल्यावर बघू."

वर्षालीने विचारलं, "कधी सांगितलं?"

"झाले की पंधरा दिवस, ताई."

तिने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. भिवाने हळू आवाजात विचारलं, ताई कोण? मी म्हटलं, माझी मुलगी, तुझ्या नवनाथभाऊची बायको. तो चहा तसाच ठेवून उठला. आतल्या दाराकडे बघून म्हणाला, "ताई, माझ्या तोंडून काय वाईट गेलं असंल तर माफ करा."

माफी त्याने मागितली! ज्याची रोजी जाणार आहे त्याने, माझ्या घरात, तुमच्या बायकोची!

पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही वर्षालीच्या हातात नवा पासपोर्ट ठेवला होता. तिने आयुष्यात विमान आतून पाहिलेलं नाही. खिडकीची जागा मिळेल ना, असं ती आल्यापासून आईला विचारत होती. तिने जावं, समुद्रात पाय भिजवावेत, हे मला वाटत नव्हतं असं समजू नका. अलिबागला तुम्ही स्वतःच्या पैशाने नेलं असतं तरी मी गल्लीभर सांगत फिरलो असतो.

भिवा गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, माझं तिकीट रद्द करायला सांगा त्यांना." मी समजूत घालायला लागलो. हो, मीच! तिने मला थांबवलं. "त्यांनी मला विचारलं असतं ना, की गप्प बसू का भांडू, तर मी भांडा म्हटलं असतं. त्यांनी विचारलंच नाही. मला नुसती बॅग भरायला सांगितली." म्हणून ती अजून इथे आहे. हे मी पहिल्या परिच्छेदात लिहायला हवं होतं.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. कायम कामगारांची पगारवाढ चांगली मिळतेय, त्यासाठी कुठेतरी सोडावं लागतं. नवनाथराव, आपल्या ताटातलं सोडणं ही तडजोड. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देण्याला तडजोड म्हणत नाहीत. हंगामी पोरांना युनियनच्या निवडणुकीत मत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तुम्ही हे केलंत. तुम्ही सरचिटणीस झालात तेव्हा याच पोरांनी तुम्हाला खांद्यावर घेऊन गेटपासून हायवेपर्यंत नेलं होतं. मत नसलेल्यांनी!

हे पत्र आजच हातोहात पाठवतोय, कारण अजून वेळ आहे. सही झालेली नाही. ते कलम बदलून घ्या: ब्रेकवर गेलेले पटावर धरा, एवढीच ओळ. तोवर कमिटी कुठे जात नाही, असं उद्या सोमवारी कंपनीला लेखी द्या. ज्यांना समुद्र बघायचा आहे त्यांनी सहीनंतर स्वतःच्या रजेने बघावा.

मंगळवारी पहिल्या शिफ्टला मी गेटवर येतोय. वर्षाली माझ्याबरोबर असेल. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. माझा आवाज आता पूर्वीसारखा चालत नाही, पण गेटपुरता आहे. भाषणात तुमचं नाव येणार. ते कोणत्या वाक्यात घ्यायचं, हे सोमवार संध्याकाळपर्यंत तुमच्या हातात आहे.

वर्षालीचा बाप,
ज्योतीराम