जीप किती उंच करायची

चिमणे,

गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. जीप मी तुझ्या गॅरेजवर नेतोय. चहा थर्मासमध्ये आहे.

काल तू जीप चार इंच उंच करायचा विषय काढलास आणि मी लगेच म्हणालो, "तुझ्या आईला चढता येणार नाही." तू ताट उचलून आत गेलीस. ती जाऊन वर्ष होत आलं, तरी माझ्या तोंडून ते निघून गेलं. आता तिला मध्ये न आणता सांगतो.

उंच केली की गाडी वळणावर जास्त कलते, डिझेल जास्त खाते, ब्रेकचे पाइपही आखूड पडू शकतात. पण खाणीच्या रस्त्यावर अडकलेल्या गाड्या ओढून काढायला तूच जातेस, आणि परवा दगडावर खालचा पत्रा फाडून आलीस, हेही खरं. चार इंच मला पटत नाही. दोन इंच कर. दगड चुकतील आणि गाडी हातात राहील.

तुझ्या गॅरेजच्या उस्तादांना फोन केला होता. म्हणाले, "उंच स्प्रिंगा मी बसवून देतो की, भाऊ." मी म्हटलं, "तुम्ही खुर्ची टाकून बघत बसा. माझी मुलगी बसवेल. तिच्याइतका साफ हात तुमच्याकडे दुसऱ्या कोणाचा आहे?" हसले आणि म्हणाले, "बरं, टाकतो खुर्ची."

उठलीस की ये. गंजलेल्या बोल्टांवर तोवर तेल सोडून ठेवतो. पाना मात्र तुझ्याशिवाय कोणाला लावू देणार नाही.

बाबा