कलम सात : नव्वद ग्रॅम

वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया
रविवार, १६ मार्च २०२५
दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे. आत्तापर्यंत टाइल कापायच्या मशीनचं पातं पुसत होतो. हात दोनदा साबणाने धुऊन लिहायला बसलो आहे.

प्रिय सुनेत्राताई,

नमस्कार. मिरजेत आता लग्नसराईच्या ब्लाऊजांचा ढीग लागला असेल आणि तू जेवण उभ्यानेच उरकत असशील. ते करू नकोस. मी बरा आहे. डाव्या गुडघ्याला सूज होती, ती उतरली. इथे उन्हाळा संपत आला आहे.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. फोनवर मी बाबांचं नाव घेतलं की तू "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतेस. म्हणून कागद. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतो.

आधी आनंदाची बातमी. परवा, शुक्रवारी १४ मार्चला, सकाळी अकरा चाळीसला माझ्या आणि शाल्मलीच्या अ‍ॅग्रीमेंटवर सह्या झाल्या. लग्न २१ जूनला आहेच, पण माझ्यासाठी मोठा दिवस शुक्रवारचाच. वकिलाच्या ऑफिसातून खाली क्राउन स्ट्रीटवर आलो आणि चालता चालता मोठ्याने हसलो. समोरून येणाऱ्या एका आजींनी थांबून विचारलं, "यू राइट, लव्ह?", म्हणजे बरा आहेस ना. मी म्हटलं, "येस, व्हेरी राइट." अठ्ठावीस वर्षांत मला स्वतःचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

आता हे अ‍ॅग्रीमेंट काय ते सांगतो, म्हणजे तू भलतंच समजणार नाहीस. इथे लग्नाआधी दोघांना लेखी ठरवता येतं, की पुढे कधी वेगळं व्हायची वेळ आलीच, तर कोणाचं काय. दोघांचे वकील वेगळे असावे लागतात. प्रत्येक वकील आपल्या माणसाला त्यातला फायदा-तोटा समजावतो आणि तसं समजावल्याची सही करतो. मागे एक यादी जोडतात. कोणाकडे आज काय आहे आणि कोणाचं काय देणं आहे, सगळं.

हे काढलं शाल्मलीच्या बाबांनी. डॉ. हेमचंद्र, मी त्यांना काका म्हणतो, सिडनीत पेंडल हिलला असतात, ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे डॉक्टर. शाल्मली इथल्या हॉस्पिटलात फिजिओ आहे आणि तिने दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला, त्याचं डिपॉझिट काकांनी भरलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे चहाला बसलो होतो तेव्हा काका म्हणाले, "अवधूत, डोन्ट टेक इट पर्सनली." ताई, हे वाक्य कोणी म्हटलं की पुढचं पर्सनलच असतं, एवढं मला इथे सहा वर्षांत कळलं आहे.

"फ्लॅटला माझे पैसे लागलेत," ते म्हणाले. "मी फक्त कागद मागतोय."

मेधाकाकू, म्हणजे तिची आई, चिडल्या. "अहो, लग्नाआधीच वाटण्या? आपल्या वेळी घेतलं होतंत का माझ्याकडून लिहून?"

"तुझ्याकडे तेव्हा एक सायकल होती, मेधा."

"आणि तुमच्याकडे तीही नव्हती! माझ्या कॅरियरवर बसून यायचात."

शाल्मली तर उठूनच उभी राहिली. "बाबा, धिस इज सो इन्सल्टिंग. त्याने माझं अख्खं बाथरूम फुकट करून दिलंय. त्याचं बिल लावू तुम्हाला?"

मी म्हटलं, "मी सही करतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाल्मलीला वाटलं मी मोठ्या मनाचा आहे, आणि मी तिला तसं वाटू दिलं. माझ्याबरोबर काम करणारा श्रेयस दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मेट, ते तुला चोर समजतायत आणि तू पेन शोधतोयस?" त्यालाही मी खरं सांगितलं नाही. डिप्लोमाचं दुसरं वर्ष सोडलेला फरशीवाला आणि डॉक्टरची मुलगी, म्हणून हा दबला, असं त्याला वाटलं. वाटू दे म्हटलं.

मला माहीत होतं की कागदावर एक ओळ नसली तर माणसाचं काय होतं.

२१ फेब्रुवारीला माझ्या वकीलबाईंकडे गेलो. डॅनिएला नाव, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी माझी यादी केली. गाडी, मशीन, बँकेतली शिल्लक, निवृत्तीचा फंड. मग विचारलं, "एनी डेट्स?", म्हणजे कोणाचं काही देणं. गाडीचं कर्ज सांगितलं. "एनिथिंग एल्स? टू फॅमिली, फ्रेंड्स?"

मी म्हटलं, "नो."

खाली येऊन गाडीत बसलो तर किल्ली लागेना. घराची किल्ली लावत होतो.

ताई, आता वाच.

तुझ्या याद्या झाल्या तो दिवस आठव. ९ मे २०१३, साखरपुड्याची सकाळ. मी सोळा वर्षांचा. आपल्या घरात अक्षर चांगलं ते माझं, म्हणून लिहायला मला बसवलं. बाबा सांगत होते, मी लिहीत होतो. लग्न कोणाच्या दारी, जेवणाचा खर्च कोणाचा, मानपानाच्या साड्या किती, भांडी कोणती. आणि मध्ये एक कलम : मुलीला तिच्या आईचं सोनं मोडून केलेले दागिने, पाटल्या चार तोळे, लक्ष्मीहार तीन तोळे, बिलवर दोन तोळे. एकूण नऊ. बाबांनी ते दोनदा सांगितलं. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फुटला, म्हणून मला पक्कं आठवतं.

पहिली प्रत पूर्ण झाली. त्यावरून मी दुसरी उतरवली. भटजींनी पहिली वाचून दाखवली, सगळ्यांनी ऐकली, दोन्हींच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं, दोन्हींवर सह्या झाल्या. पहिली प्रत मान म्हणून तुझ्या सासरच्या, साताऱ्याच्या मंडळींना दिली. दुसरी आपल्याकडे राहिली.

दुसरीत ते कलम नव्हतं. उतरवताना माझी एक ओळ सुटली होती.

आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. भटजी वाचत होते तेव्हा मी माझ्या हातातल्या प्रतीवर बोट फिरवत होतो. सोन्याचं कलम आलं आणि बोटाखाली भांडी होती. वर बारीक अक्षरात घालता आलं असतं. पण नवऱ्याचे मामा कागद वर धरून सगळ्यांना दाखवत होते, "काय अक्षर आहे पोराचं! एक खाडाखोड नाही!" मला लाज वाटली. मी गप्प बसलो. पुढे बोलेन म्हटलं. पाच वर्षं नाही बोललो.

२०१८ साली तू सासर सोडून परत आलीस आणि मिरजेला बैठक बसली, तेव्हा मी तिथे होतो. सासरचे म्हणाले, आमच्याकडची यादी घर बदलताना गहाळ झाली. लग्नाच्या फोटोतले दागिने आमचे. तुमच्याकडे काही लिहिलेलं असेल तर काढा. जुनं सोनं मोडलेलं, त्यामुळे सोनाराची पावती नाही. बाबांनी खिशातून आपली प्रत काढली आणि वरून खाली बोट फिरवलं. मग पुन्हा वरून खाली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "माझ्याकडूनच लिहायचं राहिलं." सोनं तिकडेच राहिलं.

तू तेव्हा काय बोललीस ते मी इथे लिहीत नाही. तुझी चूक नव्हती. तुला वाटलं, ज्या बापाला मुलीचं सोनं कागदावर घालायची आठवण राहिली नाही, त्याला काय बोलायचं. सात वर्षं झाली. दिवाळीला तू जयसिंगपूरच्या घरी जातेस, आईच्या फोटोला नमस्कार करतेस आणि बाबांशी न बोलता पाचची एसटी धरतेस. माझ्या लग्नाला "ते येणार असतील तर मी नाही" असं तू म्हणालीस, आणि ते म्हणाले, "सुनेत्रा नसेल तर मी एकटा येऊन काय करू."

त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मी ऑस्ट्रेलियाला निघालो त्या दिवशीही नाही.

२५ फेब्रुवारीला, मंगळवारी, शाल्मलीच्या जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर तिला हे सगळं सांगितलं. मनात धरलं होतं की ही आता अंगठी काढून देईल. ती सँडविच हातात धरून ऐकत राहिली.

"ताईंना माहितीये?"

"नाही."

"बाबांना?"

"माहीत आहे. पण आम्ही बोललो नाही."

"मग मला आधी का सांगितलंस?"

"तू बाहेरची आहेस म्हणून सोपं वाटलं."

"थँक्स हं," ती म्हणाली, आणि मग हसली. मला वाटतं, तेव्हाच माझं लग्न झालं. म्हणाली, "हे तुझं देणं आहे ना? मग ते यादीत गेलं पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही. आणि लग्नाआधी ताईंना कळलं पाहिजे. दोन्ही. नो एक्स्क्यूजेस."

डॅनिएलाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कागद आहे का?" नाही. "बहिणीने मागितलं आहे का?" नाही. "मग कोण म्हणतं तुम्ही देणं लागता?" मी म्हटलं, "मी म्हणतो." त्यांनी घातलं. कलम सात, बहिणीचं देणं, नऊ तोळ्यांचे आजच्या भावाने तेरा हजार चारशे डॉलर.

मसुदा काकांकडे गेला आणि २ मार्चला बोलावणं आलं. ह्या वेळी चहा नव्हता. कागद पुढे सरकवून म्हणाले, "हे सात नंबर काय आहे?"

मी उभं राहूनच सांगितलं. तुला लिहिलं तेवढंच, त्याच क्रमाने.

"पण कागदच नाही," काका म्हणाले. "कायद्याने तू एक पैसा लागत नाहीस."

"कागद नाही, कारण तो लिहायला मी बसलो होतो."

"उद्या हे पैसे तुमच्या संसारातूनच जाणार. काढून टाक हे."

शाल्मली म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, सगळं कागदावर पाहिजे? आता आलंय तर काढून टाक?"

काकांनी विचारलं, "त्या वेळी त्या मुलीच्या बाजूने मागणारं कोणी नव्हतं?"

"होते. आमचे बाबा होते. त्यांनी दोनदा सांगितलं होतं."

ताई, हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. बोललो आणि माझी पाठ सरळ झाली.

काकांनी खिशातून पेन काढलं आणि "तेरा हजार चारशे डॉलर" वर आडवी रेघ मारली. मग त्यांनी बाजूला लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "नव्वद ग्रॅम, बावीस कॅरेट. डॉलरमध्ये काय लिहितोस? सोनं उद्या वाढलं तर नुकसान तिचं. ग्रॅममध्ये लिही, भाव तू सोस. आणि मुदत कुठाय?"

"तीन वर्षं," मी म्हटलं.

"लिही मग. आणि फ्लॅटचा ह्याच्याशी संबंध नाही, तेही लिही."

मेधाकाकू आतून म्हणाल्या, "आता चहा टाकू का, की त्याचंही कलम घालायचंय?"

शुक्रवारी डॅनिएलाबाईंनी सगळं वाचून दाखवलं. कलम सातशी आल्या तेव्हा तुझं नाव त्यांनी तीन तुकड्यांत उच्चारलं, सु-ने-त्रा, आणि माझ्याकडे बघून विचारलं, बरोबर का? मी दोन्ही प्रती समोर ठेवल्या आणि प्रत्येक ओळ दुसऱ्या प्रतीतल्या ओळीशी लावून पाहिली. पंचवीस मिनिटं लागली. त्यांनी काही घाई केली नाही. मग सही केली. बाबा जे म्हणाले होते ते आता दोन प्रतींत, दोन वकिलांच्या सह्यांनिशी लिहिलेलं आहे. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. पहा.

लोक विचारतात लग्नाआधी असलं लिहावं का. मी म्हणतो, लिहावंच. दोन माणसं एकमेकांचं भलं चिंतत असतात त्या दिवसांत लिहून टाकावं. मिरजेच्या बैठकीत कोणी कोणाचं भलं चिंतत नव्हतं.

त्याच दुपारी शाल्मलीने लॅपटॉप उघडून तुमची तिकिटं काढली. म्हणाली, "रिफंडेबल तिकिटं साडेतीनशेने महाग आहेत. ती घेऊया, नाही का?"

"नको, साधी घे."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तर पैसे गेले."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाहीये तुला." मी हार्डवेअरच्या दुकानाच्या पावत्या महिन्यांनुसार लावून ठेवणारा माणूस, तिला खरंच वाटेना.

१४ जून, मुंबई ते सिडनी. तुझी जागा ३८ अ, बाबांची ३८ ब. बारा तासांचा प्रवास आहे आणि दोघांनी कुठे बसायचं ते मी ठरवून टाकलं आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव. त्यांच्यावरचा काढून माझ्यावर टाक, तो माझाच आहे. व्हिसाचे फॉर्म भरले आहेत, फक्त सह्या हव्यात. बाबांना मी आज रात्री फोन करून सगळं सांगणार आहे. त्यांच्या कागदावर सही घ्यायला मात्र तूच जयसिंगपूरला जा.

तुझी ओळ गाळणारा आणि बारा वर्षांनी ती लिहिणारा तुझा धाकटा भाऊ,

अवधूत

झालेला खर्च (डॉलर)
डॅनिएलाबाईंची फी : २,७५०
पेंडल हिलला जाण्या-येण्याचं पेट्रोल, दोनदा : ६२
ह्या पत्राचं कुरिअर : ६८
तुम्हा दोघांची तिकिटं, रद्द केल्यास परतावा नाही : २,९६०
तुझ्या खात्यावर पाठवले, एक तोळ्याचे, शुक्रवारच्या भावाने : १,४९०
एकूण : ७,३३०

देणे
गाडीचं कर्ज : ९,२०० डॉलर
सुनेत्राताई : ऐंशी ग्रॅम, बावीस कॅरेट. मुदत १४ मार्च २०२८
बाबा : सात वर्षं