जिन्यातला थांबा

शनिवार, बदनापूर

यांच्या हृदयाच्या नळीतला जुना स्टेंट पुन्हा अरुंद झाल्ता. आज डॉक्टरांनी औषध लावलेला फुगा त्यात फुगवला आणि काढून घेतला. दुसरा स्टेंट टाकावा लागला न्हाई. सगळे खूश.

मला मात्र आमच्या घरचा जिनाच आठवून राह्यलाय. दोन महिने हे मध्येच थांबायचे, चपलेचा पट्टा नीट करायचे. पट्टा तर चांगला होता. मला दिसत होतं, तरी मी गप्प. का?

दुपारी वॉर्डात हे म्हणाले, "जिना चढताना छातीत दुखायचं. तुला सांगितलं न्हाई."

"मला समजलं होतं."

"मंग विचारलं का न्हाईस?"

"तुम्ही न्हाई म्हणाला असता, आणि मी ते खरं मानलं असतं."