अमावस्येपर्यंतचं कुंकू

५ मार्च
जिंतूरच्या वरल्या रानात आलो. शिमगा गावात, मग मेंढरं डोंगरात, हा दरसालचा रिवाज. मी बोलते, नात गोदी लिहिते. तिचं अक्षर म्हणे लय चांगलं. मला तर लेंड्या सांडल्यावानी दिसतंय.
मेंढवाड्याचं काट्याचं कुंपण वाळवीनं खाल्लं असंल म्हणून लेकानं, बळीनं, कुऱ्हाडीला धार लावून आणली होती. कुंपण धड उभं. तोंडाला बाभळीची फांदी लावलेली. फांदीचा पाला हिरवा.
"कुणी गुराखी आला असंल, माय."
असंल.

६ मार्च
झाडलोट. चूल मांडली. पळस पेटल्यावानी फुललाय.
दुपारी समद्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. दरीकडं बघायलेत. रवंथ बंद. मला काही ऐकू आलं न्हाई. गोदीला बी न्हाई, अन् तिचे कान तर मोबाईल वाजायच्या आधी उभे राहतात. कुत्रं भुंकलं न्हाई. शेपूट हलवायलंय.

८ मार्च, रविवार
भाकरी एक जास्त झाली. बळीनं बघितली. "माय, साल झालं आता."
झालं. गेल्या साली इथूनच माझा म्हातारा हरवलेल्या मेंढीमागं दरीत उतरला. कमरेला कातर, हातात काठी. पोलीस, गावची माणसं, समदे धुंडून आले. चप्पल बी घावली न्हाई. भावकी म्हणती, दिवस घाला, बाईनं कुंकू पुसावं. मी म्हणलं, एकदा वाडा मांडू द्या, अमावस्येला सांगते. बळी बिचारा दोन्हीकडून…

१२ मार्च
मेंढी आली.
तीच. कानाला चीर, डाव्या डोळ्यावर पांढरं. सकाळी कळपात उभी, जशी काय काल बाजाराला गेली होती. सालभर रानात राहिलेली मेंढी लोकरीनं गोधडी व्हायला पायजे. ही ताजी कातरलेली. अन् शेपटीच्या वर मूठभर लोकर राखलेली.
ती मूठ म्हातारा राखायचा. देवाची म्हणून. ह्या मुलखात दुसरं कुणी राखत न्हाई. लोकर कमी भरती म्हणून मीच सालोसाल भांडले.

१३ मार्च
बळी म्हणतो, चोरानं कातरली. लोकर नेऊन मेंढी घरपोच करणारा चोर? असा नवरा मला गोदीसाठी पायजे. गोदी हे लिहीना. दटावली, तवा लिहिलं.
बळी हसला न्हाई. दिवसभर दरीत फिरून आला.
"काय दिसलं?"
"एका कपारीत राख हाय. जुनी का नवी, कळंना."

१५ मार्च
हे बळीला सांगायचं न्हाई, गोदे. त्या दिवशी म्हातारा निघाला तवा मी रागानं बोलले, "मेंढी घेऊनच ये, न्हाईतर तोंड दाखवू नको."
लय हट्टी माणूस. मेंढी धाडली. तोंड…
गोदी रडायलीय. म्हणलं, बाजूला सरकून रड, कागद भिजंल.

१७ मार्च
उद्या अमावस्या. उद्या गावाकडं उतरायचं, भावकी वाट बघायलीय, म्हणतो बळी.
सकाळी मेंढीच्या गळ्यात म्हाताऱ्याची मागं राहिलेली तंबाखूची चंची बांधली, चुन्याची डबी आत. दरीकडं सोडली. तिच्या कानात सांगितलं, त्याला म्हणावं, मेंढी आणायची अट मी काढली. रिकाम्या हातानं ये. कसा बी ये. तिनं मागं वळून बघितलं न्हाई.
बळी सगळं बघत होता. सामान बांधायचं ठेवून दगडावर बसलाय.
दुपार झाली. मेंढी आली न्हाई अजून. कुंकू आज जरा मोठं लावलंय. गोदी म्हणती, आजी, नवरीवानी दिसायलीस. म्हणलं, उगं न्हाई, एखाद्याची नजर कमी झाली असंल तर…
थांब, गोदे. लिहू नको.
मेंढरांनी माना वर केल्यात.